ती कव्वाली नव्हे

सिंधूवरचा होडीतला प्रवास आणि मग मित्रांसोबत सिंधमधल्या भिट शाह गावी सूफी कवी शाह लतीफांच्या दर्ग्यावर जाणं, हे एका प्रवासाच्या लेखात वाचून जीव हरखला, पण तिथं रात्री कव्वाली चालते असं जे त्यात लिहिलंय ते पटलं नाही. तिथले फकीर दंबुरा नावाचं तंतुवाद्य घेऊन बसतात, पाच तारांचं, तबला नाही की पेटी नाही, आणि बोल लतीफांच्याच 'रिसालो' या काव्यसंग्रहातले. मी रेकॉर्डिंग कितीदा ऐकलंय, जाड आवाजात सुरू होतं आणि एकदम बाईसारखा बारीक उंच सूर लागतो, काटा येतो अंगावर. कारण त्या काव्यात बोलणाऱ्या बहुतेक बायकाच आहेत, त्यातली लोककथेतली प्रेमिका सोहनी तर कच्च्या मडक्यावर नदी पार करताना बुडते. होडीतून उतरून 'सूर सोहनी', म्हणजे रिसालोतला तिच्या कथेचा भाग, ऐकायला मिळाला तर अजून काय हवं!