नोव्हेंबरच्या पगारात ४९० डॉलर जास्त कुठून आले?

एडिसनकर:
मंडळी, १४ नोव्हेंबर २०२५ चा पगार जमा झाला आणि मी खातं दोनदा उघडून बघितलं. नेहमीपेक्षा ४८९ डॉलर ८० सेंट जास्त! बोनस नाही, काही नाही. पे-स्टबवर (पगाराच्या पावतीवर) सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे इथल्या अमेरिकी सरकारी पेन्शनच्या कराच्या, ओळीत दर पंधरवड्याला ४९६.०० असतात, तिथे फक्त ६.२०. विम्याचा हप्ता वजा जाऊन पगार ८,००० धरतात. जानेवारीत पगारवाढ झाली, त्याआधीच्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. ऑक्टोबरात ४०१(के), म्हणजे निवृत्तीच्या बचतीची कपात, वाढवली, त्याचा तर हा परिणाम नाही ना? पेरोलची (पगार विभागाची) चूक असेल तर एप्रिलमध्ये माझ्याच मानेवर बसायची. बायको म्हणते, गप्प बस, डिशवॉशर घेऊ.

दुपारचा_चहा:
४०१(के)चा काही संबंध नाही, त्याने हा कर कमी होत नाही. हे ६.२ टक्के २०२५ साली पहिल्या १,७६,१०० डॉलरवरच घेतात. तुमचे २२ पगार झाले १,७६,०००. तेविसाव्यात उरले १०० डॉलर, त्याचे ६.२०. पेरोलवाल्यांनी अगदी सेंटपर्यंत बरोबर केलंय! पुढचे तीन पगार ती ओळ शून्य.

पण फार हुरळू नका. मेडिकेअरच्या (ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याच्या) १.४५ टक्क्यांना मर्यादा नाही, उलट २ लाखांच्या वर ०.९ टक्के जादा कापतात. तुमचा २६ डिसेंबरचा पगार अख्खा त्या रेषेपलीकडचा, म्हणजे त्यात ७२ डॉलर जाणार. जानेवारीत ४९६ परत सुरू. २०२६ ची मर्यादा १,८४,५०० आहे, म्हणजे पगार तोच राहिला तर ही चैन चोविसाव्या पगारापासून.

एडिसनकर:
सोशल सिक्युरिटीच्या मर्यादेत बायकोचा पगार मिळवतात का?

दुपारचा_चहा:
नाही. मर्यादा माणशी.

नेवार्क_ते_नाशिक:
नोकरी बदललीत तर मात्र डोळे उघडे ठेवा. मी २०२४ च्या जुलैत बदलली. जुन्या कंपनीकडे पगाराचे १,१०,००० झाले होते, नव्या कंपनीकडे वर्षअखेर ९०,०००. नव्या कंपनीने शून्यापासून मोजायला सुरुवात केली. जुने पे-स्टब घेऊन एचआरशी तावातावाने भांडलो, पण त्यांना तसंच कापावं लागतं म्हणे, आणि ते खरंच होतं. एकूण १२,४०० कापले, त्या वर्षीची कमाल होती १०,४५३.२०. वरचे १,९४६.८० रिटर्न भरताना शेड्यूल ३ या पुरवणी फॉर्ममध्ये दाखवून परत मिळवले. दोन्ही डब्ल्यू-२ वरचा (कंपनी देते त्या वर्षभराच्या पगार-कराच्या पत्रकावरचा) चौथा रकाना बेरजेला घ्यायचा, बस. एकाच कंपनीने जास्त कापले असते तर त्यांच्याकडूनच मागावे लागले असते.

एडिसनकर:
मग पेरोलला काही कळवत नाही. बायकोला ७२ डॉलरचं आणि जानेवारीचं सांगितलं, तर म्हणाली, डिशवॉशर थँक्सगिव्हिंगलाच घेऊन टाक.