देहाबाहेर पडणारी नायिका: जीव खरंच बाहेर जातो का?

रात्रपाळी

जादूच्या शाळेवरचं हे वेबकॉमिक इथले बरेच जण वाचतात, पण काहींचं अजून पहिलंच पर्व चालू आहे. त्यांचा रहस्यभंग नको म्हणून नावं टाळते. वाचणाऱ्यांना कळेलच.

नायिका आतापर्यंत दोनदा देहाबाहेर पडली आहे.

ग्रंथालय: ती खुर्चीवर बसली आहे आणि डावा हात खुर्चीच्या पाठीवरून मागे लोंबतोय. डोळे मिटलेले. आकृती वर उठते, बेंबीपासून एक बारीक निळी दोरी निघते. आकृती कपाटातून आरपार जाते, पण ग्रंथालयाच्या उंबऱ्यापाशी अडते. कपाटाच्या डोक्यावर पडलेल्या पुस्तकाचं नाव वाचते. नंतर मैत्रीण शिडी लावून बघते तर नावात एक अक्षर वेगळं. जागी झाल्यावर नायिकेचं डावं मनगट उचलत नाही, हातातून पेन पडतं.

बंद इमारत: देह शाळेच्या दवाखान्यात, उताणा, डोळे अर्धवट उघडे. दोरी नाही. आकृती कुलूपबंद दारातून आत जाते आणि जुन्या हजेरीपटातलं शेवटचं नाव वाचते. ते नाव बरोबर निघतं. त्याच पॅनेलमध्ये भिंतीवरचा आरसा रिकामा आहे, पण खिडकीच्या काचेत ती दिसते. परतल्यावर डोळे लाल, सारखे चोळते आहे.

तीन थिअरी फिरतायत. क) जीव खरंच बाहेर जातो. ख) जीव देहातच राहतो, बाहेर त्याची प्रतिकृती फिरते. ग) बाहेर कोणीच जात नाही, मन चित्र रचतं. बधिर हातावरून काही जण असंही म्हणतात की जिवाचा एक तुकडा बाहेरच राहिला. मला एवढंच विचारायचं आहे की यातलं काय पुरावा म्हणून धरायचं आणि काय सोडून द्यायचं?

नाडीपरीक्षा

सगळ्यांचं लक्ष उडणाऱ्या आकृतीवर असतं. मागे पडलेला देह त्यापेक्षा जास्त सांगतो, आणि या चित्रकाराने तो फार काळजीपूर्वक काढला आहे.

आधी हात. रेडियल नर्व्ह ही मनगट आणि बोटं वर उचलणारी नस दंडाच्या हाडाला मागून लगटून खाली उतरते. खुर्चीच्या कडेवर दंड बराच वेळ दाबला गेला तर मनगट खाली लोंबतं, बोटं सरळ होत नाहीत आणि अंगठ्याच्या मागचा भाग बधिर होतो. मनगट वर धरता आलं नाही की पकडही ढिली पडते, म्हणून पेन पडलं. त्यासाठी जिवाचा तुकडा कुठे राहायला नको. साध्या झोपेत हात अवघडला की माणूस नकळत हालचाल करतो. गुंगीत किंवा बेशुद्धीत ती होत नाही. म्हणजे ग्रंथालयातली अवस्था साध्या झोपेपेक्षा खोल होती, एवढंच या हातावरून सिद्ध होतं. अशी दाबलेली नस बहुतेक वेळा काही आठवड्यांत सुधारते. पुढच्या भागांत हात हळूहळू बरा होताना दाखवला तर चित्रकाराने हेच डोक्यात ठेवलं होतं असं समजा.

दुसरं, श्वास. दवाखान्यातल्या देहाची छाती हलते म्हणून 'क' बाद, असं लोक म्हणतात. ते मला पटत नाही. श्वास आणि रक्तदाब मेंदूच्या तळाकडचा ब्रेनस्टेम सांभाळतो, हृदयाला तर ठोक्याची स्वतःची लय असते. जाणीव पूर्ण गेलेला कोमातला माणूसही श्वास घेऊ शकतो. याउलट एखाद्या भागात श्वास थांबलेला दाखवला तर कथेला फार कडक मुदत पडेल, कारण प्राणवायूविना साधारण चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते.

तिसरं, डोळे. स्वप्न पाहणाऱ्याच्या मिटल्या पापण्यांखाली बुबुळं फिरतात. कोमात पापण्या अनेकदा नीट मिटत नाहीत, उघडझापही जवळजवळ थांबते, आणि डोळ्याचा उघडा पट्टा सुकून लाल होतो. म्हणून अतिदक्षता विभागात अशा रुग्णांच्या डोळ्यांत मलम घालतात, पापण्या चिकटपट्टीने बंद ठेवतात. परतल्यावर ती डोळे चोळते ते इथून आलं आहे. काही जण रोजच्या झोपेतही डोळे अर्धवट उघडे ठेवतात हे खरं, पण ग्रंथालयात तिचे डोळे पूर्ण मिटले होते. दोन प्रसंगांत देहाची अवस्था वेगळी आहे. मी तरी हाच सगळ्यात भक्कम पुरावा धरेन.

आणि तिला उताणं ठेवलंय ते बरोबर नाही. बेशुद्ध माणसाची जीभ मागे पडून श्वासमार्ग अडू शकतो, म्हणून कुशीवर वळवतात. लांबच्या सफरीत तर दर दोन तासांनी कूस बदलायला कोणीतरी जवळ हवं, नाहीतर टेकलेल्या जागी कातडीखालचं मांस मरायला लागतं. शाळेतल्या परिचारिकेला हे माहीत नसेल असं वाटत नाही. नायिकेला तिथे कोणी ठेवलं, हे कोणी विचारलंच नाही अजून.

कोरा कागद

चित्राच्या बाजूने लिहितो. आधी दोरी. उभ्या स्क्रोलची कॉमिक बहुधा मोठ्या मापात काढून अपलोड करताना लहान करतात. ८०० पिक्सेल रुंदी बरीच चालते. १६०० वर काढलेली दोन पिक्सेलची रेघ ८०० वर एक पिक्सेलची होते, आणि फिकट रंगाची असेल तर फोनवर दिसतही नाही. त्यामुळे एखाद्या फिकट पॅनेलात दोरी नसली तर त्यावर थिअरी उभारू नये. बंद इमारतीची मात्र गोष्ट वेगळी. तिथली पार्श्वभूमी जवळजवळ काळी आहे आणि काळ्यावर फिकट निळी रेघ सगळ्यात उठून दिसते. तरीही सलग पॅनेलांत नाही. ती मुद्दामच काढलेली नाही.

आरपार दिसण्यातही फरक आहे, तो कोणी नोंदवला नाही. अर्धपारदर्शक पात्र करताना केस, हात, कपडे या प्रत्येक लेयरची (चित्राच्या थराची) ओपॅसिटी, म्हणजे अपारदर्शकता, वेगवेगळी कमी केली की हाताखालून कपड्याची शिवण दिसते आणि पात्र चुरगळलेल्या ट्रेसिंग पेपरासारखं वाटतं. नीट पद्धत म्हणजे सगळे लेयर एका फोल्डरमध्ये टाकून फोल्डरची ओपॅसिटी उतरवायची. मग आकृती एकसंध राहते आणि फक्त मागचं दृश्य झिरपतं. ग्रंथालयात हाताखालून शिवण दिसते, बंद इमारतीत दिसत नाही. हे तंत्र सुधारल्यामुळे झालं असण्याची शक्यता जास्त आहे, कारण मधल्या काळात त्याच चित्रकाराची भुतंही तशीच सुधारली आहेत. म्हणून हा पुरावा सोडून द्या.

आरसा आणि काच सोडू नका. वेगवेगळ्या भागांत असते तर विसरला म्हटलं असतं. एकाच पॅनेलात प्रतिबिंबासाठी आकृतीचा लेयर उलटा करून काचेत बसवला आणि आरशात बसवला नाही, म्हणजे निर्णय घेऊन केलं आहे.

संवादफुग्यांवरून फार काही ठरवू नका. देहाबाहेर असताना तिचा फुगा तुटक रेघेचा आणि शेपटीविना असतो. एका ठिकाणी साधा शेपटीचा फुगा आहे, त्यावर 'कोणीतरी तिला ऐकलं' अशी मोठी चर्चा झाली. अक्षरं आणि फुगे सहसा शेवटी, घाईत, तयार नमुन्यातून बसवतात. तिथली एकटी चूक ती चूकच. तीच गोष्ट पुन्हा आली, किंवा त्या पॅनेलात कोणी मान वळवून पाहिलं, तर तो इशारा.

पोथीवाचक

क आणि ग यांतलं एकच खरं असायला हवं असं मला वाटत नाही. योगसूत्रांच्या तिसऱ्या पादात याची पायरी-पायरीची मांडणी आहे, आणि या कॉमिकला ती चपखल बसते.

सूत्र ३.४३ मध्ये 'महाविदेहा' येते (काही प्रतींत क्रमांक एखाद्याने पुढेमागे होतो). त्यावरचं व्यासभाष्य दोन अवस्था सांगतं. मन देहातच राहून त्याची वृत्ती फक्त बाहेर जाते ती 'कल्पिता'. मन देहाची गरज सोडून स्वतःच बाहेर जातं ती 'अकल्पिता', तीच महाविदेहा. पुढे भाष्य म्हणतं की कल्पितेच्या साधनेने अकल्पिता साधते आणि तिच्या बळावर योगी दुसऱ्याच्या शरीरात शिरतात.

आता प्रसंग लावून बघा. ग्रंथालयात मन देहाशी जोडलेलं, दोरी आहे, उंबरा ओलांडता येत नाही, वाचलेलं नाव थोडं चुकतं: कल्पिता. बंद इमारतीत दोरी नाही, कुलूप आड येत नाही, नाव बरोबर: अकल्पिता. शाळेची जादू आहे, इयत्ता चढत जाणारच. व्यासभाष्यात दोरीचा उल्लेख नाही, ती चित्रकाराने आणली आहे आणि अवस्था दाखवायला चांगली वापरली आहे.

डोळे देहात असताना ती पाहते कशाने, असं मागे एकाने विचारलं होतं. परकायाप्रवेशाच्या ३.३८ या सूत्रावरचं भाष्य म्हणतं, राणीमाशी उडाली की मधमाश्या तिच्या मागोमाग उडतात, तशी इंद्रियं चित्तामागे जातात. हा नियम धरला तर देहाचे डोळे मागे राहूनही दृष्टी तिच्यासोबत जाते.

पुढचा टप्पा दुसऱ्याच्या देहात प्रवेश, आणि तिथे धोका नेहमी मागच्या देहाला असतो. शंकराचार्य अमरुक राजाच्या देहात गेले तेव्हा त्यांचा देह गुहेत शिष्यांच्या राखणीत होता; राजाच्या माणसांनी तो शोधून पेटवला, तेवढ्यात ते परतले. नवनाथांच्या कथेत मच्छिंद्रनाथ त्रिविक्रम राजाच्या देहात शिरतात, मुदत बारा वर्षांची, आणि रेवती राणीला ते कळल्यावर ती मूळ देहाचे तुकडे करवते. दोन्हीकडे राखण होती, तरी जागेचा पत्ता लागला. इथे देह कुलूप नसलेल्या दवाखान्यात पडला आहे. नाडीपरीक्षा, तुमचा शेवटचा प्रश्न म्हणूनच मला फार महत्त्वाचा वाटतो.

भिंग

पोथीवाचकांची मांडणी सुंदर आहे, पण तिचा एक खांब कच्चा आहे. हजेरीपटातलं नाव बरोबर निघालं म्हणून ती खरंच तिथे गेली, असं म्हणता येत नाही.

२०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अवेअर अभ्यासात हृदय बंद पडलेल्या रुग्णांचे देहाबाहेरचे अनुभव तपासण्यासाठी १५ रुग्णालयांत छताजवळ फळ्या बसवून त्यांवर फक्त वरूनच दिसतील अशी चित्रं ठेवली होती. हृदय बंद पडण्याच्या २०६० घटना नोंदल्या गेल्या, तरी चित्र पाहून सांगितलं असं एकही उदाहरण मिळालं नाही. बहुतेक घटना फळ्या नसलेल्या खोल्यांत घडल्या होत्या, त्यामुळे निकाल कोणत्याच बाजूने लागला नाही. पण चाचणीची रचना आपल्या कामाची आहे. लक्ष्य फक्त त्या जागेवरूनच दिसलं पाहिजे, आणि ते इतर मार्गाने आधी कळलेलं नसावं.

कपाटावरचं पुस्तक या कसोटीत बसतं, आणि तिथे ती चुकली. हजेरीपट बसत नाही. मागच्या पर्वात ग्रंथपालबाईंच्या टेबलावर तोच पट उघडा पडलेला आहे आणि नायिका टेबलासमोर उभी आहे. पॅनेल मोठं करून पाहिलं तर शेवटची ओळ वाचता येते. एकदा नजरेखालून गेलेलं आणि विसरलेलं नाव मन नवं म्हणून परत देऊ शकतं. म्हणजे 'ग' अजून जिवंत आहे.

शिवाय असा अनुभव मेंदू एकटाही तयार करू शकतो. २००२ मध्ये अपस्माराच्या एका रुग्णावर तपासणी चालू असताना मेंदूच्या उजव्या बाजूच्या अँग्युलर गायरस या भागाला विजेचा सौम्य प्रवाह दिला, तेव्हा तिला आपण वर तरंगत स्वतःला पलंगावर पाहतोय असं वाटलं. वरून तिला स्वतःचे फक्त पाय आणि धडाचा खालचा भाग दिसला. आपल्या नायिकेला दोन्ही वेळा स्वतःचा चेहरा दिसत नाही, ग्रंथालयात तर नुसती मानेची मागची बाजू. हे मुद्दाम असेल का?

दोरीबद्दलही एक. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने फिरते. भिंती अडवत नाहीत अशा आकृतीला गुरुत्वाकर्षणही धरत नसेल आणि पृथ्वीसोबतचा वेगही तिच्यात उरत नसेल, तर एका सेकंदात शाळा तिच्यापासून तीस किलोमीटरपर्यंत दूर गेलेली असेल. कशाला तरी बांधलेलं राहावंच लागतं. ग्रंथालयात ते काम दोरी करते. बंद इमारतीत दोरी नाही, तरी ती मजल्यावर चालते, जिन्याने वर जाते. तेव्हा क खरं असेल तर तिला धरून ठेवणारी वस्तू शाळेची वास्तू असली पाहिजे. मग ती आवाराबाहेर जाऊ शकणार नाही, हे पुढच्या भागांत तपासता येईल.

रात्रपाळी

भिंग, ते टेबलाचं पॅनेल आत्ता मोठं करून पाहिलं. शेवटची ओळ वाचता येते, पण नायिकेच्या बाजूने पट उलटा आहे आणि त्या ओळीचा अर्धा भाग बाईंच्या कोपराखाली झाकलेला आहे. तिला आडनाव दिसलं असेल, पूर्ण नाव नाही. बंद इमारतीत तिने पूर्ण नाव वाचलं.

भिंग

मग आडनाव पुरावा म्हणून बाद, पहिलं नाव शिल्लक. त्या इमारतीतल्या कोणाचा उल्लेख त्या नावाने आधी कुठे आलाय का, एवढं शोधायला हवं. दुसऱ्या पर्वातल्या वसतिगृहाच्या भिंतीवरच्या पाट्या मी बघतो. पहिल्या पर्वाच्या पाट्या कोणी घेतं का?

कोरा कागद

पहिलं पर्व मी घेतो. तिथली अक्षरं हाताने काढलेली आहेत आणि 'ध' आणि 'घ' सारखेच दिसतात, तेव्हा शंका असेल तिथे दोन्ही वाचन लिहून ठेवतो.