नवी प्रायस प्राइम: खरी सुधारणा की नुसता देखणेपणा?

खटपट्या
2023 च्या मॉडेलला टोयोटानं प्रायस प्राइम ही प्लग-इन गाडी (प्लगला लावून चार्ज करायची, बॅटरी संपली की पेट्रोलवर चालणारी) पार बदलून टाकली. जो तो एकच आकडा सांगत सुटलाय: 121 ची 220 हॉर्सपॉवर झाली. मला त्याचं एवढं कौतुक नाही. बॅटरी डिकीतून उठून मागच्या सीटखाली गेली आणि एका चार्जवर 25 च्या जागी 44 मैल मिळायला लागले (आकडे ईपीए या अमेरिकेतल्या सरकारी पर्यावरण संस्थेचे), ही खरी सुधारणा. माझ्याकडे 2018 ची आहे, ऑफिस 17 मैलांवर. सकाळी फुल चार्जवर निघालो की परतताना अर्ध्या वाटेत इंजिन जागं होतं. नव्या गाडीत जाऊन-येऊन 34 झाले तरी वर 10 शिल्लक. आठवडाभर पेट्रोलला हात लावायला नको.

निरंजन
खटपटराव, 44 मैल 17 इंची चाकांवर. शोरूममध्ये जिच्यावर नजर खिळते ती 19 इंचीवाली, ती 39 वर येते. आणि बॅटरी संपली की जुनीच बरी! ती गॅलनला 54 मैल द्यायची, नवी 52 देते, मोठ्या चाकांवर तर 48. विजेवरचं एमपीजीईसुद्धा (एक गॅलन पेट्रोलइतक्या ऊर्जेच्या विजेत किती मैल) 133 वरून 127 वर घसरलंय. याला सुधारणा म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

रेवती
निरंजनच्या आकड्यांतच एक गंमत आहे. बॅटरी 8.8 युनिटची 13.6 झाली, म्हणजे दीडपटीच्या जरा वर. पल्ला मात्र पावणेदोनपट. आणि मैलामागे वीज तर आधीपेक्षा किंचित जास्तच लागतेय. मग हे जादाचे मैल आले कुठून?

ईपीए एक गॅलन पेट्रोलची ऊर्जा म्हणजे 33.7 युनिट वीज धरते. त्या हिशेबानं जुनीला 25 मैलांसाठी भिंतीतून साधारण 6.3 युनिट लागतात, नवीला 44 मैलांसाठी 11.7. बॅटरीच्या क्षमतेशी ताडून बघा: जुनी 72 टक्के, नवी 86 टक्के. चार्जिंगमधली गळती दोन्हींत धरलेली असल्यामुळे आकडे थोडे फुगलेत, पण काय झालंय ते कळतं. जुन्या गाडीत बॅटरीचा बराच भाग राखीव ठेवला होता, नवीत मूठ सैल केलीय. आज मैल जास्त मिळतात हे खरं. दहा वर्षांनी ती बॅटरी कशी असेल, या विचारानं मी मात्र जराशी धास्तावलेय.

खटपट्या
वा, हा हिशेब मी केलाच नव्हता! पण ताई, सुरुवात कुठून झाली तेही बघा. 2012 ची पहिली प्लग-इन प्रायस: 4.4 युनिट, 11 मैल. ताशी 62 मैलांच्या वर गेलात की इंजिन चालू. हीटर लावला की इंजिन चालू, कारण ऊब इंजिनातूनच यायची. 2017 च्या मॉडेलला हीट पंप आला, म्हणजे इंजिनाशिवाय विजेवरच ऊब, शिवाय गाडीतल्या दोन्ही विजेच्या मोटर चाकांना जोर लावू लागल्या. इंजिनाला जागं व्हायला निमित्त लागतं, आणि दर पिढीत त्यातली काही निमित्तं गळत गेली. माझ्या मते गाडीची प्रगती मोजायची ती अशी.

गॅरेजकाका
बॅटरी डिकीतून उठली म्हणता, मग डिकी 19.8 घनफुटांवरून 20.3 वरच का अडली? छप्पर मागे उतरतं केलंय ना. उंच माणूस मागे बसला की त्याचं डोकं छताला भेटतं. आणि चार्जिंगचं कुणी बोलतच नाही. साध्या 120 व्होल्टच्या प्लगवर जुनी साडेपाच तासांत भरायची, नवीला 11 तास. रात्री दहाला लावून सकाळी सातला निघणाऱ्याची ती कधीच पूर्ण भरायची नाही. 240 व्होल्टची लाइन ओढा, मग चार तास. फास्ट चार्जिंग अमेरिकेत दिलेलंच नाही.

खटपट्या
काका, नऊ तासांतसुद्धा 36 मैल भरतातच की. माझं भागलं.

निरंजन
तुमचं भागेल, कारण तुम्ही रोज केबल लावता. सगळे लावत नाहीत. युरोपियन कमिशनच्या 2024 च्या अहवालात प्लग-इन गाड्यांचं रस्त्यावरचं कार्बन उत्सर्जन प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या साडेतीनपट निघालं होतं. केबल डिकीतच पडून राहणार असेल तर 13.6 युनिटची बॅटरी म्हणजे नुसतं ओझं.

बरं, एक सांगा. तुमच्या ऑफिसात प्लग आहे का? असेल तर जाताना 17, येताना 17, मध्ये आठ तास चार्जिंग. जुनीच्या 25 मैलांत आरामात बसतं. नवी घेताय कशाला?

खटपट्या
आहे ना, एक आहे. मी पोहोचतो तेव्हा त्याला दुसऱ्याची गाडी लागलेली असते.

रेवती
कुठली?

खटपट्या
नवी प्राइम. 19 इंचीवाली.