तोल साधताना काय बाजूला ठेवले? सोलापुरातील परिचर्या विद्यार्थ्यांचे अनुभव

मी सोलापुरातच शिकले आणि येथेच परिचारिका म्हणून नोकरीला लागले, त्याला आता अकरा वर्षे झाली. दर वर्षी नवी तुकडी वॉर्डात आली, की कोणी ना कोणी औषधांच्या ट्रॉलीजवळ येऊन हळूच विचारते, "सिस्टर, तुम्ही हे सगळे कसे जमवले?" मी दर वेळी काहीतरी थातूरमातूर सांगून वेळ मारून नेते, कारण खरे पाहता मला सगळे जमले नव्हते. बी.एस्सी. नर्सिंगच्या सध्याच्या अभ्यासक्रमात चार वर्षांची आठ सत्रे आहेत आणि आठवड्याचे ४० तास वर्ग व प्रात्यक्षिकांत जातात. परीक्षेला बसण्यासाठी ८० टक्के उपस्थिती लागते, आणि पदवी हातात पडण्यापूर्वी प्रात्यक्षिकांची हजेरी शंभर टक्के भरून द्यावी लागते. म्हणजे तापाने अंथरूण धरले तरी बुडालेली ड्युटी माफ होत नाही, ती फक्त पुढे ढकलली जाते. केसबुक लिहिणे, बसची वाट पाहणे, घरचा स्वयंपाक आणि ज्यांना फीसाठी कमवावे लागते त्यांचे काम, यांतले काहीही त्या चाळीस तासांत धरलेले नाही.

म्हणून या चर्चेच्या धाग्यात वेळापत्रके नकोत, ती सर्वांकडे असतात आणि कोणाचीच पाळली जात नाहीत. आपण काय बाजूला ठेवले, त्याची किंमत कोणाला मोजावी लागली आणि काय काही झाले तरी सोडले नाही, एवढेच मोकळेपणाने लिहावे. संस्थांची आणि व्यक्तींची नावे मात्र लिहू नयेत.

बी.एस्सी. नर्सिंग, तिसरे वर्ष, पूर्व भाग

आमच्या घरी तेलुगू बोलतात आणि आई विड्या वळते. ओल्या गोणपाटात गुंडाळलेली पाने, पत्र्याच्या मापाने ती कापणारी कात्री आणि मांडीवरचे तंबाखूचे सूप हे मी चालायला लागल्यापासून पाहते आहे. सहावीत असल्यापासून विड्यांची तोंडे मोडून बंद करण्याचे काम माझ्याकडे होते. मजुरी हजार विड्यांमागे मिळते, त्यामुळे मी रोज तीनशे-चारशे विड्यांना हात लावला तर आईचा हजाराचा आकडा संध्याकाळीच पुरा होई. पहिल्या वर्षी मी हे काम सोडले नाही. शरीररचनेच्या नोट्स मोबाईलवर स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित करायच्या आणि विड्यांची तोंडे मोडताना त्या ऐकायच्या, अशी माझी युक्ती होती आणि तिचा मला अभिमानही होता.

दुसऱ्या सत्रात वॉर्डात हात धुण्याची पद्धत करून दाखवताना आमच्या क्लिनिकल इन्स्ट्रक्टर मॅडमनी माझे हात नाकाजवळ नेले आणि सर्वांसमोर विचारले, "तू तंबाखू खातेस?" साबणाने कितीही धुतले तरी तो वास बोटांतून जात नाही, हे वळणाऱ्यांनाच माहीत असते. मी काहीच बोलले नाही. दुपारी त्यांच्या खोलीत जाऊन खरे सांगितले, तेव्हा त्या बराच वेळ गप्प बसल्या आणि मग विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्रीय श्रम मंत्रालयाची शिष्यवृत्ती असते, तिचा अर्ज भरलास का, असे विचारू लागल्या. आईचे कामगार ओळखपत्र पेटीत पडून होते आणि मला त्या शिष्यवृत्तीचा पत्ताही नव्हता.

तिसऱ्या सत्रापासून मी विड्यांचे काम सोडले. आईने तक्रार केली नाही, पण ती पहाटे चारला उठू लागली. तिच्या पाठीचे दुखणे वाढले आहे, हे मी अभ्यासक्रमातल्या शब्दांत सांगू शकते, पण त्यावर मला काही करता आलेले नाही.

काय सोडले नाही, असे विचारले तर भाषा. आमच्याकडचे म्हातारे रुग्ण राउंडच्या वेळी डॉक्टरांना मराठीत "बरे आहे" एवढेच सांगतात. मी खाटेजवळ बसून "नोप्पी एक्कड?" असे विचारले, म्हणजे दुखते कुठे असे विचारले, की मग छातीपासून पोटरीपर्यंत सगळे बाहेर येते. त्यात दहा मिनिटे जातात आणि माझे टीपीआरचे, म्हणजे ताप, नाडी आणि श्वासाचे तक्ते मागे पडतात. त्यासाठी बोलणी खाल्ली आहेत आणि पुढेही खाईन.

जीएनएम (परिचर्या पदविका), अंतिम वर्ष, मंगळवेढा तालुका

आमच्या गावात ब्रदर, म्हणजे पुरुष परिचारक, म्हणजे काय, हे अजून कोणाला नीट कळलेले नाही. मी कंपाउंडर होणार असे समजून लोक आतापासूनच मला सलाईन लावायला बोलावतात. घरची शेती कोरडवाहू आहे. ज्वारी चांगली येते, पण फीच्या तारखेला येत नाही. म्हणून दुसऱ्या वर्षी मी एका लहान खासगी रुग्णालयात रात्री आठ ते सकाळी आठ असे काम धरले. तेथून निघून थेट कॉलेजच्या पोस्टिंगला जायचे, दुपारी खोलीवर तीन तास झोपायचे आणि पुन्हा निघायचे. चार महिने असे चालले. त्या काळात मी काय शिकलो, हे मला खरोखर आठवत नाही.

एका पहाटे चारच्या सुमारास इंजेक्शन दिल्यावर मी सुईला टोपण परत लावायला गेलो. वापरलेल्या सुईला टोपण लावायचे नाही, ती तशीच पांढऱ्या, छिद्र न पडणाऱ्या डब्यात टाकायची, हे पहिल्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात शिकवतात आणि मी स्वतः त्यावर भित्तिपत्रक केले होते. तरीही अर्धवट झोपेत हात सवयीने वळला आणि सुई अंगठ्यात गेली. साबण आणि वाहत्या पाण्याने जागा धुतली, दाबून रक्त काढायचे नसते तेवढे लक्षात होते. पण सांगायचे कोणाला? मी अजून विद्यार्थी, परिचर्या परिषदेत नोंदणी नाही, म्हणजे ते इंजेक्शन एकट्याने देण्याचा मला अधिकारच नव्हता. तेथील व्यवस्थापकाने बाहेर बोलू नकोस असे सांगितले आणि नोंदवहीत काहीही लिहिले नाही.

सकाळी मी आमच्या ट्यूटर सरांना सांगितले. सांगण्याआधी कॉलेजच्या पायऱ्यांवर अर्धा तास बसलो होतो, हेही लिहून ठेवतो. अशा वेळी एचआयव्हीचे प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत आणि फार तर ७२ तासांत सुरू करावे लागते. माझे सहाव्या तासाला सुरू झाले. पूर्ण उपचार २८ दिवसांचा असतो, पण त्या रुग्णाची तपासणी निगेटिव्ह आली आणि डॉक्टरांनी माझ्या गोळ्या थांबवल्या. तो अहवाल येईपर्यंतचे दोन दिवस मी कोणाशीही बोललो नाही, आईचा फोनही उचलला नाही.

ते काम त्याच आठवड्यात सोडले. आता संध्याकाळी सहा ते नऊ एका औषध दुकानात माल लावतो, पैसे निम्म्याहून कमी मिळतात. उरलेल्या फीसाठी वडिलांनी मोटारसायकल विकली. जे मित्र अजून रात्रीचे काम करतात त्यांना मी उपदेश करत नाही, कारण त्यांची फी मी भरणार नाही. पण सुई लागली तर व्यवस्थापकाचे ऐकू नका आणि पायऱ्यांवर बसू नका.

एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका), दुसरे वर्ष, शहर

माझे म्हणणे वरच्या दोघांच्या मानाने किरकोळ आहे. माझे काका गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वजाच्या (मिरवणुकीतील उंच काठ्यांच्या) मानकऱ्यांत असतात, आणि पांढरी बाराबंदी घातलेल्या त्या मिरवणुकीत आमच्या घरातील कोणी नाही, असे आजवर झालेले नाही. यात्रेतील अक्षता सोहळ्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक विवाहाच्या दिवशी माझी दुपारची ड्युटी लागली. माझ्या मुस्लिम मैत्रिणीने ती घेतली आणि ईदला मी तिची घ्यायची, असे आम्ही ठरवले. दोघींनी कबूल केल्याप्रमाणे कामही केले. परंतु अदलाबदल तोंडी होती, रजिस्टरवर इनचार्ज सिस्टरांची सही नव्हती, म्हणून दोघींचीही एकेक गैरहजेरी लागली आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत दोघींना दोन ड्युट्या भरून द्याव्या लागल्या. सोलापूरचा मे महिना ज्यांना माहीत आहे, त्यांना अधिक सांगायला नको. सही घेत जा.

पोस्ट बेसिक बी.एस्सी. (जीएनएमनंतरची पदवी), पहिले वर्ष; विवाहित

जीएनएम होऊन नऊ वर्षे नोकरी केल्यावर मी पुन्हा विद्यार्थिनी झाले. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, बिनपगारी रजा, मुलगा पहिलीत आणि यजमान अक्कलकोट रस्त्यावरील टॉवेलच्या कारखान्यात पाळीने कामाला, अशी आमची घडी आहे. सासूबाईंचा आधार नसता तर हे पाऊल उचललेच नसते. रविवारी आम्ही दोघी मिळून आठवड्याच्या कडक भाकरी करून ठेवतो. डब्यात शेंगाचटणी असली की तीन दिवस भाजीवाचून निघतात, आणि याला कोणी आबाळ म्हटले तर सोलापुरात तरी ते चालणार नाही.

माझी चूक वेगळीच आहे. सामुदायिक आरोग्याच्या पोस्टिंगमध्ये मला एका वस्तीत लसीकरणावर आरोग्य संवाद घ्यायचा होता. रात्री अकरा वाजता स्वयंपाकाच्या ओट्यावर तक्ता पसरून मी रंगीत पेनाने लिहीत होते. जन्मतः, दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने असे करत शेवटच्या रकान्यात आले आणि "पाच ते सहा वर्षे, डीपीटीचा दुसरा बूस्टर" असे लिहिताना हात थांबला. माझा मुलगा सहा पूर्ण करून तीन महिने झाले होते आणि त्याचे कार्ड कपाटात होते. मी उठून ते काढले. तो रकाना कोरा होता.

घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वातावरची ही लस सातव्या वर्षापर्यंत देता येते, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी ती देऊन आणली आणि काही बिघडले नाही. पण त्या वस्तीत बायकांना "कार्ड घरात दिसेल असे टांगून ठेवा" असे सांगताना माझा आवाज मलाच परका वाटत होता. आता आमचे कार्ड फ्रिजवर चिकटवलेले आहे. अभ्यासाची पहिली घटक चाचणी मी चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाले, हे केवळ माहितीसाठी लिहिते.

परिचर्या शिक्षिका, वीस वर्षांचा अनुभव

विद्यार्थ्यांसाठीच्या धाग्यात मी लिहावे की नाही, असा विचार करत होते, पण पायऱ्यांवर अर्धा तास बसलेल्या ब्रदरचा अनुभव वाचून राहवले नाही. आमच्यासारख्या शिक्षकांना सांगण्याची इतकी भीती वाटते, तर चूक आमचीही आहे. पहिल्या दहा वर्षांत वर्गात डुलकी घेणाऱ्या मुलीला मी उभी करत असे. ती रात्री काय करून आली आहे, हे विचारण्याची मला सवयच नव्हती, कारण मला कोणी ते विचारले नव्हते.

दर वर्षी १२ मे रोजी, म्हणजे १८२० साली जन्मलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्मदिनी, आपण परिचारिका दिन साजरा करतो. त्या दिवशीच्या भाषणांत सेवा आणि त्याग हे शब्द इतक्या वेळा येतात, की मुलगी जेवली का हा प्रश्न त्यांच्यापुढे क्षुद्र वाटू लागतो. थोडे विषयाच्या कडेने जाते. डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्या सोलापूरचे, १९३८ मध्ये चीनला गेले आणि तेथेच १९४२ मध्ये वारले, हे येथील शाळकरी मुलालाही माहीत असते. त्यांच्या पत्नी ग्वो छिंगलान तेथे परिचर्या शिकवत होत्या, हे मी वर्गात विचारते तेव्हा एकही हात वर होत नाही. आपल्या कामाकडे पाहण्याची ही तऱ्हा विद्यार्थी पहिल्या वर्षातच उचलतात, आणि मग थकलो असे म्हणणे त्यांना कमीपणाचे वाटते.

माझ्या हातात फार नाही. मी एवढेच करते, की सत्राच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येकाशी एकटे बोलून बाहेर काम करता का, असे विचारते आणि नाव कोणाला कळू न देता रात्रीच्या पोस्टिंगची यादी त्याप्रमाणे लावते. काही जण तरीही खोटे सांगतात. ते मला डोळ्यांवरून कळते.

धागा सुरू करणारीचे उत्तर

माझे उत्तर राहिले होते. गेल्या आठवड्यात दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने एका वयस्कर रुग्णाला सलाईन लावून थेंब ठरवले आणि मला पाहायला बोलावले. ५०० मिलिलिटर, आठ तास, मिलिलिटरला २० थेंबांचा सेट, म्हणजे मिनिटाला साधारण २१ थेंब. घड्याळ हातात धरून मी मोजले, तर ४२ पडत होते. आठ तासांची बाटली चार तासांत संपली असती. मी रोलर फिरवून थेंब कमी केले, रुग्णाची नाडी आणि श्वास पाहिला, आणि काल किती वाजता झोपलीस, असे तिला विचारले. तिने आधी "बाराला" आणि मग "झोपलेच नाही" असे सांगितले. घरी बहिणीच्या साखरपुड्याची तयारी होती.

झाल्या प्रकाराची नोंद मी तिच्यासमोरच केली आणि तिला वॉर्डातल्या मावशींबरोबर चहा प्यायला पाठवले. परत आल्यावर तिने नेहमीचाच प्रश्न विचारला. या वेळी मी थातूरमातूर उत्तर दिले नाही. माझ्या दुसऱ्या वर्षात एका रात्री माझ्या नावावर कोणती नोंद झाली होती, ती मी तिला तारखेसह सांगितली.