अनुभव धागा: ट्रकचालकाचे तास कोण ठरवतं?

गाडी कधी काढायची, कुठे थांबायचं, झोप कधी घ्यायची, हे तुमच्या कामात प्रत्यक्षात कोण ठरवतं? ट्रक चालवणाऱ्यांनी, गाड्या लावणाऱ्यांनी (म्हणजे कोणती गाडी कधी, कुठे पाठवायची ते बघणाऱ्यांनी) आणि त्यांच्या घरच्यांनी मोकळेपणाने लिहावं. कंपन्यांची, माणसांची नावं नकोत. लांबलं तरी चालेल.

सुरुवात मीच करतो. बरीच वर्षं लांब पल्ल्याची गाडी चालवली. केबिनमध्ये एकटा असतो, डोक्यावर साहेब उभा नसतो, म्हणून लोकांना वाटतं ड्रायव्हर स्वतःच्या मर्जीचा मालक. पण पोहोचायची वेळ गाडी भरायच्या आधीच ठरलेली असते. भरायला उशीर झाला तरी ती पुढे सरकत नाही. तो उशीर माझ्या झोपेतून वळता होतो. रस्त्यावरचे छोटे निर्णय माझे होते: चहाला कुठे थांबायचं, घाटाआधी टायर बघायचे की नंतर. मोठा निर्णय एकही माझा नव्हता.

गोदामाच्या फेऱ्या करणारा

वर लिहिलंय ते खरंच, पण माझा दिवस चालवण्यात जातच नाही, रांगेत जातो. नंबर लागला की गाडी थोडी पुढे घ्यायची, परत थांबायचं. डोळा लागला तर मागचा पुढे घुसतो, त्यामुळे झोपही होत नाही. पैसे खेपेवर. म्हणजे उभं राहिलेल्या वेळेचे शून्य, आणि गाडी खाली झाल्यावर मालकाचा पहिला फोन, ‘निघालास का?’ माझ्या मते सगळ्या दुखण्याचं मूळ इथे आहे. रांगेच्या वेळेचे पैसे माल घेणाऱ्याला भरावे लागले, तर त्याचा दरवाजा लवकर उघडेल.

युरोपात चालवणारा

इथे गाडीत टॅकोग्राफ असतो, म्हणजे चालवण्याचे आणि विश्रांतीचे तास नोंदवणारं यंत्र. साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटांची विश्रांती, हवी तर आधी १५ आणि मग ३० अशी तोडून. दिवसाला ९ तास चालवायचं, आठवड्यातून दोनदा १० चालतात. आठवड्याला ५६, सलग दोन आठवड्यांत मिळून ९०. यंत्रावर चिन्हं असतात: चालवताना स्टिअरिंग, दुसरं काम करताना हातोडे, विश्रांतीला पलंग.

गोम त्या पलंगात आहे. माल उतरवताना मी पट्टे सोडतोय, कागद फिरवतोय, तेव्हा हातोडे लावायला हवेत. पण ऑफिसातून सुचवलं जातं, ‘पलंग लाव, तास वाचतील.’ गाडी हलली की यंत्र आपोआप नोंद घेतं, पण उभ्या गाडीत मी काय करतोय ते त्याला कळत नाही, मी दाबीन तेच लागतं. तरीही यंत्राने मला एक ताकद दिली. ‘तास संपले’ म्हटलं की पुढे वाद नाही. युरोपीय नियम ५६१/२००६ मध्ये आणखी एक कलम मला फार मोलाचं वाटतं: सुरक्षितता धोक्यात येईल किंवा नियम मोडायला प्रोत्साहन मिळेल अशा रीतीने किलोमीटरवर पगार देता येत नाही.

अमेरिकेतली एक ड्रायव्हर

आमच्याकडे ११ तास चालवायची मुभा, पण कामाला लागल्यापासून १४ तासांच्या आत. त्यानंतर सलग १० तास सुट्टी. हे १४ तासांचं घड्याळ एकदा सुरू झालं की जेवणासाठीही थांबत नाही. झोपण्याच्या बर्थवर ठरलेली विश्रांती तोडून घेण्याची सवलत आहे, पण दोन तास दरवाज्यावर बसवून ठेवलं तर ते गेलेच.

मी बाई आहे, म्हणून पार्किंगबद्दल लिहितेच. तास संध्याकाळी उशिरा संपत असतील तर मी त्याच्या बरंच आधी जागा शोधायला लागते. उजेड, माणसांची ये-जा असलेली जागा लवकर भरते. कागदावर हातात असलेला तास-दीड तास मी सुरक्षिततेसाठी रोज सोडून देते आणि मैलावर पैसे असल्याने तो माझ्याच खिशातून जातो. २०१७ च्या डिसेंबरपासून इलेक्ट्रॉनिक नोंद सक्तीची झाली. त्याआधी वही होती, त्यात हवं तसं भरायला लावत. जुने सहकारी यंत्राला नावं ठेवतात, ‘झोप आली तेव्हा झोपू देत नाही, नाही तेव्हा झोपवतं’ म्हणतात. त्यांचं म्हणणं चूक नाही. पण मला वहीचे दिवस परत नकोत.

स्वतःची गाडी असलेला

मला भाडं नाकारता येतं, हा फरक मोठा आहे. पण हप्त्याची तारीख जवळ आली की तो हक्क पातळ होतो. एकाच कारखान्याचं काम बांधून घेतलं तेव्हापासून बरं आहे. भरायची वेळ ठरलेली, परतीचा माल ठरलेला. भाडं थोडं कमी मिळतं, तरी रात्री गाडी चालवायची नाही हे मी ठरवू शकलो.

गाड्या लावणारी

मी फोनच्या या बाजूला असते. ग्राहक वेळ देतो, ती चुकली की दंड, आणि तो दंड मला समोर दिसतो. ड्रायव्हरचा थकवा स्क्रीनवर दिसत नाही. आता मी फोनवर ‘कधी पोहोचशील?’ विचारायच्या आधी ‘शेवटचा झोपलास कधी?’ विचारते, आणि वेळ पुढे ढकलायची तर ग्राहकाशी मीच बोलते, ड्रायव्हरला बोलायला लावत नाही. वरिष्ठांना सुरुवातीला आवडलं नव्हतं.

धागाकर्ता

ताई, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. नियम कमी नाहीत. भारतात १९६१ साली मोटार वाहतूक कामगारांसाठी कायदा झाला, त्यात दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास होते. पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणांसाठी होता, आणि एक-दोन गाड्यांचा मालक त्यात बसायचा नाही. जपानने एप्रिल २०२४ पासून ट्रकचालकांच्या जादा तासांना वर्षाला ९६० ची मर्यादा घातली. आता एक विचारतो: चालक अध्येमध्ये बदलायची पद्धत कुणी अनुभवली आहे का?

रिले पद्धतीत काम करणारा

हो. मी अर्ध्या वाटेपर्यंत नेतो, तिथे समोरून आलेल्या ड्रायव्हरशी गाडी बदलतो आणि त्याची गाडी घेऊन परत येतो. माल थांबत नाही, आम्ही दोघं आपापल्या घरी झोपतो. अडचण एकच, समोरच्याला उशीर झाला की मलाही होतो. पगार महिन्यावर आहे, खेपेवर नाही, त्यामुळे त्या उशिराचं ओझं वाटत नाही. मुलाच्या शाळेत पालकसभा असली की मी आदल्या आठवड्यात पाळी बदलून मागतो, आणि बहुतेक वेळा मिळते.