मदत हवी आहे : भित्रा माणूस नायक होऊ शकतो का?

मंडळी, कथा लिहितेय आणि शेवटाशी येऊन अडकलेय. नाट्यशास्त्रात नायकाचे चार प्रकार आहेत : धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत, धीरोद्धत. चौघांतही 'धीर' आहेच! माझा कारकून मात्र पक्का भित्रा. साहेबासमोर त्याच्या हातातली फाइल थरथरते. शेवटी खोट्या कागदावर तो सही करत नाही. पेनाला टोपण लावतो आणि गप्प उभा राहतो. बस्स, एवढंच. ॲरिस्टॉटलने सांगितलेला शोकांतिकेचा नायक चुकतो खरा, पण तो मोठ्या घराण्यातला (त्याचं बरं आहे). रथाचं चाक रुतलेला कर्ण मला अर्जुनापेक्षा जवळचा वाटतो, म्हणजे जिंकणं गरजेचं नसावं. पण एका नकारावर नायक उभा राहतो का, की आधीपासून पेरणी करावी लागते? तुम्ही लिहिताना काय करता?