ताज : आत गेलेले आणि बाहेरूनच बघितलेले (अनुभव धागा)

पालव्याचा_प्रवासी

मंडळी, गेल्या रविवारी सांगलीहून आलेल्या भाच्याला गेटवे दाखवायला नेलं. पठ्ठ्याने गेटवेकडे पाठ केली आणि ताज हॉटेलकडे बोट दाखवून विचारलं, मामा हा राजवाडा कुठल्या राजाचा? म्हटलं टाटांचा. मग तो राजा इथेच राहायचा का? माझं उत्तर संपलं. वय ४६, त्यातली ४० वर्षं मुंबईत, आणि ताजबद्दल मला माहिती काय, तर घुमट लाल असतो.

घरी येऊन जरा वाचलं. राजा राहायचा फोर्टात, एस्प्लनेड हाउसमध्ये. १८९६ला मुंबईत प्लेग शिरला, लोक बोचकी बांधून गावाला पळत होते, आणि त्याच काळात जमशेटजींनी स्वतःचे पैसे घालून समुद्रावर हॉटेल बांधायला घेतलं. बहिणीने म्हणे विचारलं, तू काय भटारखाना काढणार का आता? १६ डिसेंबर १९०३ला उघडलं तेव्हा मुक्कामाला १७ जण. आणि पाचच महिन्यांनी जमशेटजी जर्मनीत वारले. गेटवे तर बराच नंतरचा, पायाभरणी १९११ आणि खुला झाला १९२४ला, म्हणजे २१ वर्षं ताजच्या समोर काहीच नाही, सरळ बंदर. मला वाटायचं उलटं, आधी गेटवे मग ताज.

तर धागा यासाठी काढलाय की आपापले अनुभव लिहा. आत गेला असाल, काम केलं असेल, आजोबांनी काही सांगितलं असेल, नुसतं कबुतरांना दाणे टाकत बाहेर उभे राहिला असाल तरी चालेल. मी त्यातलाच. अजून आत गेलेलो नाही.

गिरगावची_थोरली

मी लिहिते. माझे बाबा फोर्टात एका बँकेत क्लार्क, ३२ वर्षं. रोज दुपारी डबा घेऊन चालत पालव्याला जायचे, (आमच्याकडे अपोलो बंदर कधी कोणी म्हटलं नाही, पालवाच), समुद्राच्या कठड्यावर बसून पोळीभाजी खायची आणि परत. ताज पाठीमागे. १९९६ला मला नोकरी लागली तेव्हा पहिल्या पगारात त्यांना ताजच्या सी लाउंजमध्ये चहाला न्यायचं ठरवलं तर चार दिवस नाहीच म्हणत होते, मग आईने ओरडल्यावर तयार झाले, आणि निघताना घरी दोन थालिपीठं खाऊन घेतली, का तर तिथे पोट भरायला जायचं नसतं.

पहिल्या मजल्यावर खिडकीजवळ जागा मिळाली. मेन्यूत शेवपुरी बघून आम्ही दोघं हसायलाच लागलो, गिरगावातून टॅक्सी करून शेवपुरी खायला आलो! शेजारच्या टेबलावर एक मुलगी आणि एक मुलगा ताठ बसलेले आणि दोन्हीकडच्या आया त्यांच्यापेक्षा ताठ. बाबा हळूच म्हणाले, कांदेपोहे आहेत. नंतर कळलं की सी लाउंज त्यासाठीच प्रसिद्ध आहे, पारशी गुजराती घरांतले किती संबंध तिथे जुळले.

पण सांगायचं होतं ते वेगळंच. चहा येईपर्यंत बाबा खिडकीतून खाली बघत होते. मला वाटलं लाँच बघतायत. मग म्हणाले, "तो बघ, तिसऱ्या दिव्याच्या डावीकडे. माझी जागा." तिथे दुसराच कोणीतरी डबा उघडून बसला होता. बाबा त्याचं जेवण होईपर्यंत त्याच्याकडे बघत राहिले, चहा गार झाला, मी काही बोलले नाही.

दगडी_चाळ_नव्हे

वरचं वाचून दोन मिनिटं थांबलो.

आता ती गोष्ट येणारच आहे म्हणून आधीच मोडून टाकतो. "ताज उलटा बांधला आणि तो बघून आर्किटेक्टने वरून उडी मारली." मला आजीने सांगितली, शाळेत बाईंनी सांगितली, टॅक्सीवाल्याने तर दोनदा. मी जेजेला आर्किटेक्चर शिकलो, तिथेही सीनियर्सनी पहिल्याच आठवड्यात तीच सांगितली, आणि मीही पुढच्या बॅचला सांगितली, खोटं का बोला.

खरं असं की नकाशे केले रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांनी. वैद्य काम अर्धवट असतानाच १९००च्या सुमारास आजारपणात गेले आणि पुढचं काम डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज आर्किटेक्टने पुरं केलं. उडीबिडी कोणी मारली नाही. आणि उलटंही काही नाही. इमारत इंग्रजी यू अक्षरासारखी आहे, दोन हात शहराच्या बाजूला, मूळ दरवाजा तिकडेच होता, घोडागाड्या तिथे येऊन लागायच्या. आज तिथे स्विमिंग पूल आहे. पुढे गेटवे झाला, वर्दळ समुद्राच्या अंगाला आली आणि मग सगळ्यांना वाटायला लागलं की तोंड इकडे हवं होतं.

आमच्या सरांनी एकदा आत नेलं होतं, मधला जिना बघायला. आधाराचा खांब कुठेच दिसत नाही, पायऱ्या भिंतीतून बाहेर निघाल्यासारख्या वर वर जातात आणि मान वर केली की थेट घुमटाचं पोट. हा जिना बांधणारे कंत्राटदार सोराबजी रतनजी. सर म्हणाले याचं स्केच करा, मी तासभर बसून जे काढलं ते शंखासारखं दिसत होतं. अजून आहे माझ्याकडे.

मला राग याचा येतो की व्हीटीचे स्टीव्हन्स, गेटवेचे विटेट ही नावं आम्हाला तोंडपाठ आणि वैद्य म्हटलं की लोक विचारतात कोण वैद्य. मराठी माणसाचं नाव टिकलं ते पण खोट्या उडीपुरतं.

फास्ट_लोकल

खरं सांगू का, माझा ताजचा अनुभव म्हणजे बाथरूम. कॉलेजात पैज लागली होती, कोण आत जाऊन येतो. मित्राचा ब्लेझर घातला, बाह्या बोटांपर्यंत, बॅग तपासून झाली, सरळ चालत गेलो, हात धुतले, मऊ टॉवेल होता त्याने पुसले, परत आलो. कोणी काहीही विचारलं नाही. बाहेर येऊन पाय कापत होते.

फास्ट_लोकल

(पैज २० रुपयांची होती, अजून मिळालेले नाहीत.)

साष्टीकार

मी गोव्याचा, मराठी थोडं इकडेतिकडे झालं तर सांभाळून घ्या. माझा आजोबा १९३८ला बोटीने मुंबईला आला आणि धोबीतलावाला आमच्या गावाच्या कुडीत उतरला. कूड म्हणजे गावाने भाड्याने घेतलेली जागा, भिंतीला लागून एकेकाची पत्र्याची ट्रंक, समोर गावच्या सायबाचा, म्हणजे संताचा फोटो, संध्याकाळी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना म्हणायची आणि महिन्याला थोडे पैसे द्यायचे. बोटीवर नोकरी मिळेपर्यंत तिथेच. आजोबाला बोट मिळाली नाही, ताजात वेटरचं काम मिळालं.

तो सांगायचा की साहेबलोक नाचायला यायचे पण आम्ही वेटर बँड ऐकायला ड्यूटी बदलून घ्यायचो. तीसच्या दशकात ताजात अमेरिकन जाझवाले येऊन वाजवायचे, लिऑन ॲबी, क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड, सगळे काळे कलाकार. गोव्याची पोरं चर्चच्या शाळेत नोटेशन शिकलेली, त्यामुळे कागद समोर ठेवला की वाजवायची, पण ते कागदाच्या बाहेरचं वाजवणं त्यांनी या लोकांकडून उचललं. मग आपलाच चिक चॉकलेट आला, खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ, ट्रम्पेटवाला, त्याला लोक हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. रात्री ताजात बँड आणि दिवसा फिल्मच्या स्टुडिओत. तुमच्या सी. रामचंद्रांच्या बरोबर त्याने काम केलंय, म्हणजे अण्णांची ती उडती गाणी ऐकता ना, त्यातला ट्रम्पेटचा झटका कुठून आला ते समजून घ्या.

आजोबाला मी विचारलं होतं, मजा असेल ना रे तिथे? म्हणाला, पोटाखातीर बाबा, पोटाखातीर. पण म्हातारपणी दारूबंदीच्या दिवसांचा विषय निघाला की स्वारी खुलायची, ग्लासात लिंबूपाणी आणि बँड तोच, लोक तरी नाचायचेच म्हणे.

बॅकऑफिस_बबन

साष्टीकार, मस्त लिहिलंत. ताजच्या हार्बर बारचा लायसन नंबर १ आहे, १९३३चा बार, हे आम्हाला ट्रेनिंगला असताना पहिल्याच दिवशी ऐकवलं होतं.

मी दादरच्या केटरिंग कॉलेजचा. नव्वदच्या दशकात ताजात इंडस्ट्रियल ट्रेनिंगला होतो. तुम्ही लोक झुंबरं बघता, मी जो ताज बघितला तो पांढऱ्या ट्यूबलाइटचा. मागच्या गेटने आत, कार्ड पंच, युनिफॉर्म रूमच्या काउंटरवर कडक इस्त्रीचा कोट, आणि मग किचन. पहिले कित्येक दिवस फक्त कांदे. कांदा कापून डोळ्यात पाणी येतं हे दोन दिवसांपुरतं असतं, नंतर डोळेच निबर होतात. चॉपिंग बोर्डखाली ओला फडका ठेवायचा म्हणजे तो सरकत नाही, हे मला तिथे एका जुन्या गोवेकर कुकने शिकवलं आणि आज माझी मुलगी घरी तेच करते. हे जुने लोक ताजचे पूर्वीचे शेफ मास्सी यांचं, म्हणजे मिगेल आर्कांजो मास्करेन्यसचं नाव काढताना आवाज खाली आणायचे, देवाचं नाव घ्यावं तसं. मी काही त्यांना बघितलं नाही.

आत बोलताना कोणी ताज म्हणत नाही, "पॅलेस" आणि "टॉवर". टॉवर १९७०च्या दशकातला, त्या जागी आधी ग्रीन्स हॉटेल होतं. टॉवरमध्ये कोणीही रूम शोधेल, सरळ रांग. पॅलेसमध्ये मी ट्रे घेऊन एकदा असा हरवलो की तोच फुलदाणीवाला कोपरा तीनदा आला, सूप गार, शेवटी हाउसकीपिंगच्या मावशींनी हाताला धरून नेलं. म्हणाल्या, पोरा पहिल्या लढाईत इथे हॉस्पिटल होतं ६०० खाटांचं, तेव्हाचे पेशंट पण अजून दरवाजा शोधत फिरत असतील.

निवासी_डॉक्टर

हॉस्पिटलवरून आठवलं. मी ताजमध्ये कधी गेले नाही, ताज माझ्याकडे आला. २०२०च्या एप्रिलमध्ये कोविड वॉर्डला ड्यूटी होती, मेस बंद, हॉटेलं बंद, दोन दिवस बिस्किटांवर काढलेले आणि एका दुपारी ताजची पाकिटं आली, सगळ्या स्टाफला. पीपीई काढून, आंघोळ करून, जिन्यात लांब लांब बसून खाल्लं. वॉर्डबॉय काका झाकणावरचं नाव वाचत म्हणाले, मॅडम बायकोला फोटो पाठवा ना माझा, ताजमध्ये जेवतोय म्हणून. काढला फोटो. मागे लाल कचऱ्याच्या पिशव्या आल्यात त्यात.

फोर्टातला_वकील

वॉटसन हॉटेलमध्ये जमशेटजींना प्रवेश नाकारला म्हणून त्यांनी ताज बांधला, हे कोणी लिहिलं नाही अजून, आश्चर्य आहे. त्याला पक्का पुरावा नाही, गोष्ट चांगली आहे एवढंच. माझ्या काकांचं चेंबर त्याच वॉटसनच्या इमारतीत होतं, काळा घोड्याजवळ, आता एस्प्लनेड मॅन्शन म्हणतात. सगळा सांगाडा बिडाच्या लोखंडाचा, इंग्लंडहून तयार करून आणलेला. ७ जुलै १८९६ला ल्युमिएरचा सिनेमा भारतात पहिल्यांदा दाखवला तो इथे. आणि लहानपणी मी बघितलं ते काय, तर वाकलेली बाल्कनी, झेरॉक्सची दुकानं, जिन्यात पानाच्या पिचकाऱ्या. काका म्हणायचे जिन्यात मधोमध चाल, कडेला नको. एकाच शहरातली दोन हॉटेलं, चालत गेलं तर पंधरा मिनिटांचं अंतर.

कोळीवाड्याची_पोर

लिहू की नको करत होते. आम्ही कुलाब्याचे, बधवार पार्कच्या समोरची मच्छीमार कॉलनी. माझी पणजी ससून डॉकवरून पाटी घेऊन ताजच्या मागच्या दारी पापलेट द्यायची असं घरात सांगतात, एकेक नग बघून घ्यायचे म्हणे, डोळे लाल असले की परत.

त्या रात्री, २६ नोव्हेंबर २००८, आमच्या इथे सगळे मॅच बघत होते, कटकला इंग्लंडबरोबर होती. ती माणसं आमच्याच किनाऱ्यावर उतरली. आमच्यातल्या काहींनी हटकलंही, कोण तुम्ही, कुठून आलात. तासाभरात आवाज सुरू झाले. आई म्हणाली लग्नाचे फटाके असतील.

पुढचे तीन दिवस मी टीव्ही बघितलाच नाही, गच्चीवरून दिसायचं तेवढं दिसत होतं. घुमटाच्या खालून धूर. कबुतरं खाली उतरायची नाहीत, घिरट्याच घालायची, त्यांना बसायला जागा कळत नव्हती. ३१ जीव गेले तिथे, त्यात कामावरची माणसं होती. तिथल्या जनरल मॅनेजरची बायको आणि दोन मुलं गेली आणि तो माणूस पाहुण्यांना बाहेर काढत राहिला. टॉवर २१ डिसेंबरलाच उघडला, पॅलेस २०१०च्या १५ ऑगस्टला. त्या पंधरा ऑगस्टला आई संध्याकाळी मला घेऊन चालत गेली. आत नाही. बाहेरच उभी राहिली, वर बघितलं, म्हणाली "खिडक्या लागल्या सगळ्या." आणि आम्ही परत आलो.

पालव्याचा_प्रवासी

इतकं काही येईल असं वाटलं नव्हतं. भाच्याला फोनवर थोडं थोडं वाचून दाखवतोय, त्याला जिना बघायचाय आणि हरवायचंय.

@गिरगावची_थोरली, एक विचारू का, सी लाउंजला खिडकीची जागा आधी फोन करून मिळते का? दिवाळीत तो परत येतोय, आणि या वेळी आईलाही नेईन म्हणतो.

गिरगावची_थोरली

फोन करून विचारा, शनिवार-रविवार टाळा. आणि आईंना थालिपीठ घरून खाऊन यायला सांगू नका, शेवपुरी बरी असते.